कंपनी बंद, खेळ चालू!

'एज ऑफ एम्पायर्स टू' बनवणारा स्टुडिओ २००९ मध्येच बंद पडला. गेम मात्र आजही जोरात चालू आहे. कुणाच्या जिवावर? ज्यांना त्यासाठी कुणी एक रुपयाही देत नव्हतं, अशा वेड्या लोकांच्या!

मोबाइलचं आयुष्य किती? फार तर तीन-चार वर्षं. ॲपचं? पुढच्या अपडेटपर्यंत. आणि ज्याच्यासाठी तुम्ही सलग चार शनिवार ऑफिसात काढलेत, त्या 'ड्रीम प्रोजेक्ट'चं? नवा बॉस येईपर्यंत! आपल्या पिढीला वस्तू जुन्या होताना बघायची सवयच राहिलेली नाही. जुन्या व्हायच्या आधीच त्या गायब होतात.

म्हणूनच मला सप्टेंबर १९९९ मध्ये बाजारात आलेल्या एका कॉम्प्युटर गेमचं जाम कौतुक वाटतं. पंचवीस वर्षं उलटून गेली, पण 'एज ऑफ एम्पायर्स टू' आजही रोज हजारो लोक एकमेकांविरुद्ध खेळतात. म्युझियममधली वस्तू बघावी तसे नव्हे, तर रीतसर दात-ओठ खाऊन! टुर्नामेंट्स होतात, कॉमेंटरी होते, रात्री दोनपर्यंत जागरणं होतात. गेम्सच्या दुनियेत पंचवीस वर्षं म्हणजे आपल्या हिशेबाने पणजोबाच. आणि हे पणजोबा अजून रोज सकाळी पर्वती चढतात!

तीन गावकरी, एक घोडेस्वार

ज्यांचं बालपण या गेमशिवाय गेलं (अरेरे!) त्यांच्यासाठी थोडक्यात. सुरुवातीला तुमच्याकडे असतं एक टाउन सेंटर, तीन गावकरी आणि बहुतेक वेळा घोड्यावर बसलेला एक टेहळ्या. बाकी सगळा नकाशा काळाकुट्ट. मेंढ्या शोधायच्या, बोरं गोळा करायची, लाकडं तोडायची, सोनं खणायचं. ५० अन्न आणि २५ सेकंद खर्च केले की एक नवा गावकरी तयार. ५०० अन्न साठलं की अंधारयुगातून सरंजामी युगात उडी. पुढे किल्ले, तोफा, हत्ती वगैरे. आणि हे सगळं करत असताना समोरचाही तेच करतोय आणि कुठल्याही क्षणी तुमच्या दारात येऊन ठेपणार आहे, हे लक्षात ठेवायचं.

थोडक्यात, घर चालवायचं आणि लढाईही करायची. नोकरी आणि संसार एकत्र सांभाळणाऱ्या कुणालाही हा प्रकार लगेच कळेल!

आमच्याकडे हा गेम आला २००७ च्या सुट्टीत. मावसभाऊ तेव्हा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. हॉस्टेलच्या लॅनवर रात्रभर हेच चालायचं म्हणे. तिथून त्याने एक सीडी आणली, वर स्केचपेनने नुसतं 'एओई' लिहिलेली. नाशिकला मावशीच्या हॉलमध्ये एकच कॉम्प्युटर, आणि आम्ही चार भावंडं. दादा खेळायचा आणि आम्ही मागे उभं राहून सल्ले द्यायचो. आमच्या हातात माउस आला की आम्ही फक्त एकच काम करायचो. 'हाउ डू यू टर्न धिस ऑन' हा चीट कोड टाकायचा आणि मध्ययुगात कोब्रा स्पोर्ट्‌स कार सोडायची! तुम्हीही केलंय, खोटं बोलू नका.

या गेममध्ये आकडे टाइप केले की आवाज येतात. १४ टाइप केलं की 'अरे, सुरू करा की एकदाचं' अशा अर्थाचा वैतागलेला आवाज. ३० टाइप केलं की ते जगप्रसिद्ध 'वोलोलो'. आणि ११ टाइप केलं की एक छद्मी हसणं. दादाला या ११ चं भलतंच वेड. आम्ही हरलो की ११. वीज गेली आणि परत आली की ११. स्वयंपाकघरातून मावशी ओरडायची, "कोण हसतोय रे तो मेला? बंद कर आधी!" आणि दादा लगेच पुन्हा ११.

वाडा, घरमालक आणि भाडेकरू

आता खरी गोष्ट. हा गेम बनवला अमेरिकेतल्या डॅलसच्या एन्सेम्बल स्टुडिओजने. २००० मध्ये 'द कॉन्करर्स' नावाची पुरवणी आली आणि त्यानंतर नवीन काही येणं थांबलं. मायक्रोसॉफ्टच्या 'झोन'वर लोक ऑनलाइन भेटून खेळायचे, ती सोय २००६ मध्ये गेली. जानेवारी २००९ मध्ये खुद्द एन्सेम्बललाच कुलूप लागलं. म्हणजे बनवणारे नाहीत, भेटायची जागा नाही, दुरुस्तीला कुणी नाही. नव्या मॉनिटरवर चित्र नीट बसेना, नव्या विंडोजवर रंग विस्कटायला लागले. बाकी कुठलाही गेम असता तर इथेच त्याचं तेराव्याचं जेवण झालं असतं.

पण खेळणारे हटले नाहीत. 'वूब्ली' नावाच्या दुसऱ्या जागी त्यांनी आपला अड्डा हलवला. कुणीतरी एक प्रोग्रामर उठला आणि गेमचा मूळ सोर्स कोड हातात नसताना, नुसती तयार फाइल उसवून-उसवून, त्याने 'यूजरपॅच' बनवला. मोठ्या स्क्रीनवर गेम चालायला लागला, जुने बग गेले, ऑनलाइन खेळ सुधारला. आपल्यापैकी जे आयटीत आहेत त्यांना कळेल, हे काय लेव्हलचं काम आहे! डॉक्युमेंटेशन सोडून गेलेल्या सहकाऱ्याचा कोड वाचतानाही आपल्याला घाम फुटतो. इथे तर कोडच नाही!

दुसरीकडे बेल्जियमच्या बर्ट बीकमनच्या पुढाकाराने जगभरातली मंडळी एकत्र आली आणि २०१२ च्या अखेरीस त्यांनी 'फरगॉटन एम्पायर्स' नावाची स्वतःची पुरवणीच काढली. त्यात पाच नव्या संस्कृती होत्या. त्यात एक भारतीयही! हे सगळं नोकरी-कॉलेज सांभाळून, उरलेल्या वेळात.

२०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टला आपल्या माळ्यावरच्या या ट्रंकेची आठवण झाली. गेमची 'एचडी' आवृत्ती स्टीमवर आली. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये या चाहत्यांचंच काम 'द फरगॉटन' या नावाने अधिकृत पुरवणी म्हणून बाहेर पडलं. तेरा वर्षांनी आलेली पहिली पुरवणी, आणि तीही चाहत्यांची! पुढे याच मंडळींचा स्टुडिओ झाला. १४ नोव्हेंबर २०१९ ला आलेली 'डेफिनिटिव्ह एडिशन' बनवण्यातही तेच पुढे होते. २०२३ मध्ये गेम एक्सबॉक्सवर पोचला, २०२५ मध्ये प्लेस्टेशनवर. १९९९ मध्ये १३ संस्कृती होत्या, आता ४० च्या वर आहेत.

म्हणजे बघा, घरमालक वाडा सोडून गेला. भाडेकरूंनी वर्गणी न काढता, कुणाला न विचारता छप्पर शाकारलं, नळ दुरुस्त केले, वर एक मजला चढवला. मग एके दिवशी घरमालक परत आला, बघून चाट पडला आणि म्हणाला, "आता तुम्हीच सांभाळा!"

कच्च्या लिंबूंचीही कॉमेंटरी

नुसतं छप्पर शाकारून वाडा जिवंत राहत नाही. त्यात माणसं नांदावी लागतात. आणि या लोकांचं नांदणं हीच मला सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

त्यांची स्वतःची भाषा आहे. आपण चॅटमध्ये 'हाहा' लिहितो, ही मंडळी '११' लिहितात. गेमबाहेरही! नॉर्वेचा माणूस ब्राझीलच्या माणसाला विनोद सांगतो आणि तो नुसतं ११ लिहितो. कळायला भाषांतर लागत नाही.

त्यांचे स्वतःचे अभ्यासक आहेत. 'स्पिरिट ऑफ द लॉ' नावाचं एक यूट्यूब चॅनेल आहे. तिथे शेत टाउन सेंटरपासून किती लांब असलं तर गावकऱ्याचा चालण्यात किती वेळ वाया जातो, याचं गणित मांडलं जातं. आमच्या शाळेत गणित असं शिकवलं असतं तर मी मास कम्युनिकेशनला गेलेच नसते!

त्यांचे स्वतःचे स्टार आहेत. नॉर्वेचा 'द व्हायपर', कॅनडाचा 'हेरा'. आणि स्वतःचे कॉमेंटेटर आहेत, त्यातला सगळ्यात लाडका अमेरिकेचा 'टी नाइन्टी'. त्याने 'हिडन कप' नावाची एक स्पर्धा काढली. यात सगळ्या खेळाडूंची नावं लपवलेली असतात. प्रत्येकाला इतिहासातल्या एखाद्या वीराचं नाव मिळतं. कोण कोणाशी खेळतंय हे प्रेक्षकांना माहीत नसतं, खेळणाऱ्यांनाही नसतं. मग चर्चा रंगतात. "हा भिंत अशी बांधतोय, म्हणजे तोच!" आवाज न ऐकता नुसत्या टाळीवरून तबलजी ओळखावा, तसं. एखाद्याच्या हाताची इतकी ओळख व्हायला किती वर्षं त्याच्याकडे बघत बसावं लागत असेल, विचार करा.

पण माझी सगळ्यात आवडती गोष्ट वेगळीच आहे. हाच टी नाइन्टी 'लो इलो लेजंड्स' नावाची मालिका करतो. 'इलो' म्हणजे रेटिंग, बुद्धिबळात असतं तेच. नवा खेळाडू साधारण १००० वर सुरू होतो, आणि आमच्यासारखे लोक तिथून खाली घरंगळत जातात. (माझं सध्या साडेसातशेच्या आसपास आहे. पुढे विचारू नका.) तर, या मालिकेत अशा कच्च्या लिंबूंच्या मॅचेसची कॉमेंटरी होते. तीही वर्ल्ड फायनल असल्याच्या थाटात! किल्ला बांधायला विसरलेला राजा, रानडुकराने मारलेले गावकरी, दीड तास एकमेकांना न सापडलेल्या दोन फौजा. तो हसतो, पण हिणवत नाही. दोघांपैकी कुणी शेवटी कसाबसा जिंकला की आपल्याला खरोखर आनंद होतो.

मला विचाराल तर गेम टिकला तो यामुळे. जिथे फक्त चॅम्पियन्सना किंमत असते तिथे नवीन माणूस दोनदा हरतो आणि निघून जातो. जिथे हरणाऱ्याचीही गोष्ट सांगितली जाते, तिथे तो थांबतो.

आणि कधीकधी या सगळ्याची जत्राही भरते. पहिल्या भागातल्या पुजाऱ्याच्या त्या मंत्रावरून नाव घेतलेली 'रेड बुल वोलोलो' स्पर्धा ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली ती थेट जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या खऱ्याखुऱ्या, अर्ध्या पडक्या किल्ल्यात. स्क्रीनवर किल्ले पाडायचे, आणि बसायचं किल्ल्यातच!

मराठे कुठे आहेत?

हा प्रश्न मला प्रत्येक मराठी माणसाने विचारलेला आहे. उत्तर असं की गेमचा काळ साधारण सोळाव्या शतकाअखेर संपतो. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. म्हणजे आपली गाडी थोडक्यात चुकली!

पण भारताची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. २०१३ मध्ये अख्ख्या भारतासाठी एकच संस्कृती होती, 'इंडियन्स'. सगळं उपखंड एका डब्यात. तमिळ, बंगाली, राजपूत सगळे एकच कसे, असा प्रश्न चाहते वर्षानुवर्षं विचारत राहिले. अखेर एप्रिल २०२२ मध्ये 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' आलं आणि त्या एकाचे चार झाले. हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड. राजेंद्र चोळाची मोहीम आली, बंगालच्या देवपालाची आली. शाळेच्या पुस्तकात ज्या देवपालाला एक ओळही मिळाली नव्हती, त्याचं नाव आता पेरू आणि पोलंडमधली पोरं घेतात. गुर्जरांची मेंढरं तर थेट गिरणीत बांधता येतात, आणि न मारताही ती अन्न देत राहतात. ज्याने कुणी हे सुचवलं त्याला साष्टांग नमस्कार!

सगळं गोडगोड आहे असं मात्र नाही. भांडणं तुफान होतात. २०२५ मध्ये चीनच्या तिसऱ्या शतकातली राज्यं गेममध्ये आणली तेव्हा 'हा मध्ययुगाचा गेम आहे, हे इथे कशाला?' म्हणून रण पेटलं होतं. पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोण भांडतं? ज्याला तिथे राहायचं असतं तो. भाड्याच्या फ्लॅटमध्ये अकरा महिने काढणारा कशाला तोंड उघडेल?

'पॅशन' कुणासाठी?

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं फुकट राबणंच झालं की! वर्षानुवर्षं रात्री जागून कोड लिहायचा आणि विकणार कंपनी. 'पॅशन' हा शब्द ऐकला की आपण हल्ली सावध होतो, कारण इंटरव्ह्यूमध्ये त्याचा अर्थ 'ओव्हरटाइमचे पैसे मिळणार नाहीत' असा असतो.

शंका खरी आहे. पण फरकही आहे. या लोकांना कुणी टार्गेट दिलं नव्हतं. कंटाळा आला तर ते कधीही सोडून जाऊ शकत होते. आणि ज्या वस्तूसाठी ते राबत होते ती वस्तू संध्याकाळी ते स्वतः वापरत होते. आपल्यापैकी किती जण असं काही बनवतात, जे आपण स्वतः, आपल्या मित्रांबरोबर, शनिवारी रात्री वापरू?

मला हा प्रश्न टोचतो त्याला कारण आहे. कॉलेजमधून बाहेर पडल्यावर मी एका वेब पोर्टलमध्ये लागले. तीन वर्षं तिथे लिहिलं. पावसात उभं राहून घेतलेल्या मुलाखती, सहा-सहा वेळा लिहिलेले लेख. मग एका मंगळवारी दुपारी पोर्टल बंद झाल्याचं कळलं. नोकरी गेली त्याचं दुःख महिनाभरात ओसरलं. कामं मिळाली, फ्रीलान्सिंग सुरू झालं. पण काही दिवसांनी साइटही गेली. कुणी संपादक माझं जुनं काम मागतो तेव्हा दाखवायला लिंक नाही. तीन वर्षं मी काय केलं, त्याचा पुरावा माझ्याकडे नाही. सर्व्हरचं भाडं भरायचं कुणी थांबवलं, इतकंच. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. ते टिकावं असं कुणाला वाटलं नाही, एवढंच.

त्या रिकाम्या दिवसांत मी पुन्हा 'एज'कडे वळले. दादामुळे. तो आता टोरंटोत असतो. २०२१ मध्ये मावशी गेली, पुढच्या वर्षी नाशिकचं घर विकलं, तो कॉम्प्युटर कधी भंगारात गेला ते कुणाला आठवतही नाही. दादाचं आणि माझं फोनवरचं बोलणं 'जेवलीस का' आणि 'तिकडे बर्फ पडला का' यापुढे जाईना. मावशीचा विषय तर दोघंही टाळायचो. मग एकदा तो म्हणाला, "येतेस का एक गेम? कॉम्प्युटरला हरवू फक्त."

आता दर शनिवारी माझी रात्र आणि त्याची सकाळ असते. बोलायचं म्हणून बोलावं लागत नाही. "तू लाकडं तोड गं, मी घोडे काढतो." मध्येच दहा मिनिटं शांतता. मग शेत लावता लावता तो त्याच्या नोकरीचं काहीतरी सांगतो, मी माझ्या थकलेल्या पेमेंट्सचं. हात कामात असले की जीभ सुटते. भाज्या निवडताना बायका का बोलतात ते मला आत्ता कळतंय.

एकदा आम्ही वाईट हरलो. मी वैतागून काहीतरी बोलणार, इतक्यात ते हसणं आलं. अकरा! तेच, जसंच्या तसं. दोघंही गप्प झालो. मग दादा हळूच म्हणाला, "कोण हसतोय रे तो मेला?" पहिल्यांदाच आम्ही मावशीबद्दल बोललो, चांगला तासभर. पुढचा गेम राहूनच गेला.

एन्सेम्बलमध्ये तो आवाज ज्यांनी भरला त्यांच्या ध्यानीमनीही हे नसणार. ज्याने पॅच लिहिला त्यालाही नाशिकची मावशी माहीत असण्याचं कारण नाही. त्याला फक्त त्याचा आवडता गेम नव्या मॉनिटरवर बघायचा होता. पण त्याने आणि त्याच्यासारख्या शेकडो अनोळखी लोकांनी ती ओसरी झाडत ठेवली, म्हणून आम्हाला बसायला जागा राहिली.

टिकवणं म्हणजे हेच असावं. फार उदात्त वगैरे काही नाही. मालकी नसलेल्या गोष्टीची काळजी घ्यायची, आणि आपल्यानंतर तिथे कोण येऊन बसेल याची चौकशी करायची नाही. कंपन्या हिशेब बघून वस्तू बंद करतात. त्यांचंही बरोबरच असेल. पण हिशेबाबाहेर काय ठेवायचं हे मात्र आपल्या हातात असतं. मग तो गेम असो, एखादं बंद पडत आलेलं वाचनालय असो, कॉलेजचा नाटकाचा ग्रुप असो, नाहीतर स्वतःच्या लेखांची एक पेन ड्राइव्हवरची कॉपी. (मी हल्ली दोन ठेवते!)

तर या वीकेंडला मॉलला जायच्या आधी जरा आठवून बघा, तुमच्या माळ्यावर असं काय पडलंय. जुन्या गँगमधल्या ज्याच्याशी हल्ली फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छांपुरतं बोलणं होतं, त्याला एक मेसेज टाका. लांबलचक काही लिहायला नको. नुसता आकडा पुरेल.

१४!